'बाई, तुम्ही चिडलाय का?' : एका खोल हास्यरेषेचं प्रकरण

दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही चिडलाय का?" बाई चिडल्या नव्हत्या. फळ्यावर बेरजा लिहून त्या नुकत्या वर्गाकडे वळल्या होत्या. पुढच्या महिनाभरात आणखी दोन पोरांनी तेच विचारलं, तेव्हा घरी येऊन त्यांनी दिवा लावून आरशात पाहिलं आणि गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"डॉक्टर, ह्या दोन रेघा तेवढ्या भरून द्या बघा. डिसेंबरात थोरलीचं लग्न आहे."

वय ५२. गडहिंग्लजकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. रोज स्कूटरवरून जाऊन-येऊन २८ किलोमीटर. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात काम करते. हे प्रकरण त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. शाळेत, गल्लीत, नात्यात सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात, म्हणून इथंही तेच नाव ठेवते.

त्या ज्यांना रेघा म्हणत होत्या त्या म्हणजे नाकपुडीच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन घड्या. पार्लरमध्ये त्यांना स्माइल लाइन्स किंवा लाफ लाइन्स म्हणतात, आम्ही नेझोलेबियल फोल्ड म्हणतो. लहान बाळालाही हसताना त्या पडतात. हसू मावळल्यावरही त्या चेहऱ्यावर तशाच राहू लागल्या, की माणसं आमच्याकडे येतात. त्यांची खोली मोजायला १ ते ५ अशी एक श्रेणी वापरतात. १ म्हणजे घडी दिसतच नाही, ५ म्हणजे त्वचा ताणली तरी दिसत राहील इतकी खोल. बाईंची उजवी बाजू ३ होती आणि डावी ४.

मला आधी अडवलं ते या फरकानं. दोन्ही बाजू थोड्या वेगळ्या असणं नेहमीचंच. पण इथं एक पूर्ण पायरीचा फरक होता. स्कूटर चालवताना ऊन दोन्ही गालांना सारखंच लागतं. झोपायची कूस विचारली तर म्हणाल्या, उजवी. म्हणजे झोपेमुळे असतं तर उजवी घडी जास्त खोल हवी होती.

मग इतिहास घेतला. दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला. तेव्हा वजन ७१ किलो होतं. बाईंनी मनावर घेतलं, रात्रीचा भात सोडला, पहाटे चालायला लागल्या आणि वजन ५८ वर आणलं. गेले पाच महिने ते तिथंच टिकून होतं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) ७.१ टक्के. सगळ्या घरानं पाठ थोपटली, फक्त जाऊबाई म्हणाल्या, "तोंड उतरलंय तुझं." त्या खोटं बोलत नव्हत्या. वजन घटतं तेव्हा पोटाबरोबर गालातलीही चरबी जाते, आणि पन्नाशीत त्वचा पूर्वीसारखी आक्रसून बसत नाही.

एवढं सगळं सांगताना मी एक गोष्ट पाहत होते. हसू आलं की बाईंचा डावा हात तोंडावर जायचा, आणि हसायच्या त्या ओठ मिटूनच.

"तोंड उघडा बघू."

वरच्या डाव्या बाजूचा सुळा आणि त्यामागच्या दोन उपदाढा नव्हत्या. नऊ वर्षांपूर्वी हिरड्या खराब होऊन एकामागून एक काढाव्या लागल्या. साखर तेव्हा तपासलेलीच नव्हती. दात बसवायचे राहून गेले, मुलींची शिक्षणं होती, घराचा हप्ता होता.

दात काढल्यावर त्या जागेचं हाड झिजतं. पहिल्या वर्षात सगळ्यात वेगानं, आणि गालाकडच्या बाजूनं जास्त. सुळ्याचं मूळ लांब असतं. त्याचा उंचवटा वरच्या ओठाला आणि नाकपुडीच्या बुडाला आतून टेकू देतो. बाईंच्या डाव्या बाजूला तो टेकू नऊ वर्षं नव्हता.

माझ्याकडे दंतवैद्यांसारखे कापसाचे तयार रोल नव्हते. ड्रेसिंगच्या कापसाची करंगळीएवढी वळकटी केली, गॉजमध्ये गुंडाळली, सलाइननं ओली केली आणि वरच्या ओठाच्या आत, गेलेल्या सुळ्याच्या जागी हिरडीवर ठेवली. ओठ मिटायला सांगून हातात आरसा दिला. डावी घडी डोळ्यांसमोर निम्मी भरली. बाईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, बोटानं घडीवरून हात फिरवला. कापसामुळे बोलता येत नव्हतं. आरसा त्यांनी बराच वेळ खाली ठेवला नाही.

त्यानंतर आणखी दोन चाचण्या केल्या. गालाच्या हाडाजवळ बोट ठेवून त्वचा वर आणि बाहेरच्या दिशेनं हलकेच ओढली, दोन्ही घड्या सौम्य झाल्या. मग टेबलावर उताणं झोपवलं, तशाही सौम्य झाल्या. घडीच्या रेषेतली त्वचा स्वतःच चिरलेली असती तर आडवं होऊन तिला काही फरक पडला नसता. म्हणजे मूळ दुखणं घडीच्या वर होतं आणि आतही होतं.

बाई शेतकऱ्याच्या घरातल्या, म्हणून मी त्यांना उताराच्या रानाचं उदाहरण दिलं. नाकापासून ओठापर्यंतची ही रेषा म्हणजे बांध. बांधाच्या खालच्या अंगाला, ओठाभोवती, त्वचा स्नायूला घट्ट चिकटलेली असते आणि तिथं चरबी फारशी नसते. वरच्या अंगाला गाल, तिथं चरबीचे कप्पे. वय झालं की गालातली भर कमी होते, उरलेली खाली सरकते आणि येऊन बांधाला थटते. त्यात बांधाखालची जमीन, म्हणजे नाकाच्या बाजूचं हाड, खचलेलं असलं की चर आणखी खोल दिसतो. नुसत्या चरात माती टाकत राहिलो तर काय होईल?

"वरची येतच राहील की," बाई म्हणाल्या.

नुसती घडी भरत गेलं की तोंडाभोवतीचा भाग जड आणि फुगीर दिसायला लागतो. माकडासारखं तोंड झालं, असं म्हणत इतर ठिकाणांहून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींची घडी मोजायला गेलं तर खरंच भरलेली होती.

बाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. शेजारणीनं दिलेली जाहिरात होती, एका तासात दहा वर्षं तरुण, थ्रेड लिफ्ट, पॅकेजमध्ये सूट. हे कोण करतं, त्याची वैद्यकीय नोंदणी आहे का, यातलं कागदावर काहीच नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की सुई टोचणाऱ्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. माझाही विचारा, भिंतीवर लावलाय.

मग एकेक उपाय त्यांच्या चेहऱ्यावर ताडून पाहिला.

क्रीमनं खोल घडी जात नाही. ट्रेटिनॉइन हे चांगलं औषध आहे, उन्हानं पडलेल्या बारीक सुरकुत्यांवर आणि डागांवर त्याचा उपयोग होतो, सनस्क्रीनचा तर नक्कीच. दोन्ही लिहून दिली, पण घडीसाठी नव्हे, हेही सांगून. फ्रॅक्शनल सीओटू लेझर त्वचेचा पोत सुधारतं, हाड आणि चरबी परत आणत नाही. शिवाय आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळपट डाग उठण्याची भीती असते, आणि लग्न अडीच-तीन महिन्यांवर होतं. रोज उन्हातून २८ किलोमीटर जाणाऱ्या बाईला मी ते देणार नव्हते.

बोटॉक्सबद्दल त्यांनी आपणहून विचारलं, सगळेच विचारतात. कपाळावर आणि भुवयांमध्ये ते छान काम करतं. इथं ओठ वर उचलणारे स्नायू ढिले केले तर हसूच आडवं होतं, कधी एका बाजूनं वाकडं. दिवसभर पोरांशी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळ हा खेळ नको.

थ्रेड लिफ्टचं म्हणाल तर त्यात त्वचेखालून धागे घालून ती वर ओढतात. पीडीओ नावाचा धागा साधारण सहा महिन्यांत विरघळतो. ओढलेली त्वचा काही काळ वर राहते, पण वजन घटून पातळ झालेल्या गालावर खळगे दिसू शकतात. पोटाची चरबी काढून गालात भरता येते, तो खरा आणि जुना उपाय आहे. पण त्यातली किती टिकेल ते आधी सांगता येत नाही, आणि तो प्लास्टिक सर्जनच्या हातचा. फेसलिफ्टचं नाव निघताच बाईंनी हात जोडले. तसंही फेसलिफ्टनं जबड्याची आणि मानेची रेष जितकी सुधारते तितकी ही घडी सुधारत नाही, सर्जन मंडळीही हे मोकळेपणानं सांगतात.

राहिले फिलर, म्हणजे सुईनं त्वचेखाली भरायचे पदार्थ. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजनला मान्यता मिळाली. त्याची ॲलर्जी येते का ते पाहायला आधी हातावर चाचणी करून महिनाभर थांबावं लागे, आणि परिणाम काही महिनेच टिके. नंतर हायलुरॉनिक ॲसिडची जेल आली. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असतो. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून पहिल्यांदा वेगळा केला. त्वचेतला नैसर्गिक पदार्थ दिवसा-दोन दिवसांत झिजून नवा होत राहतो. कारखान्यात त्याचे धागे एकमेकांना रासायनिक टाके घालून बांधतात, म्हणून जेल सहा महिने ते दीड वर्ष टिकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २००३ मध्ये या जातीच्या पहिल्या जेलला, रेस्टिलेनला, मान्यता दिली ती नेमकी अशाच घड्यांसाठी.

कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट आणि पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड हेही पर्याय आहेत, ते जास्त काळ टिकतात. तरी मी बाईंसाठी हायलुरॉनिक ॲसिडच निवडलं. काही बिघडलं तर ते हायलुरॉनिडेज नावाच्या एन्झाइमनं विरघळवता येतं, दुसऱ्या दोघांना असा उतारा नाही. हे वाक्य मी प्रत्येक रुग्णाला म्हणते. बाईंच्या वेळेला ते मला माझ्याच टेबलाशी परत भेटलं.

क्रम ठरवला तो असा: आधी दात, मग गाल, आणि शेवटी गरज उरली तरच घडी.

बाई थोड्या नाराज झाल्या. भरून घ्यायला आल्या होत्या आणि मी दातांकडे पाठवत होते. खर्चाचंही मोकळं बोललो. फिलरच्या एका सिरिंजला २५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, कारण सौंदर्यासाठीच्या उपचाराला वैद्यकीय सेवेची करमाफी नाही. विमा यातला एक रुपया देत नाही. दंतवैद्यांनी इम्प्लांट नंतर पाहू म्हटलं, हाड कमी होतं आणि त्यात महिने गेले असते. काढता-घालता येणारी अर्धी कवळी त्यांनी सुचवली. खर्च ८,००० रुपये.

माप पितृपंधरवड्यात द्यावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत नवं काही नको. बाई म्हणाल्या, नवं कुठं, जुनंच परत आणतेय. घटस्थापनेला कवळी बसली.

तिची गुलाबी कड मी पुढच्या भेटीत हातात घेऊन पाहिली. सुळ्याच्या वर दंतवैद्यांनी ती मुद्दाम थोडी जाड आणि उंच ठेवली होती, मी चिठ्ठीत तशी विनंती केली होती. कापसाची वळकटी जिथं होती नेमकी तिथंच. डावी घडी ४ वरून ३ वर आली. अजून एक थेंबही टोचला नव्हता. पहिला आठवडा 'श' आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजायची आणि पोरं हसायची. रोज रात्री पाढे मोठ्यानं म्हणून बाईंनी ती घालवली.

कोजागिरीनंतर गालाचं काम केलं. दातांच्या कामानंतर निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत, तोंडातले जंतू रक्तात फिरून जेलपर्यंत जाऊ नयेत म्हणून. इथं तीन गेले होते. गुडघ्यासाठी त्या अधूनमधून घेत असलेली वेदनाशामक गोळी आठवडाभर आधी बंद केली. ओठावर तापाचे फोड (जर) उठतात का, आधी कुठं काही टोचून घेतलंय का, मधमाशी चावून अंगावर गांधी उठल्या होत्या का, हे विचारलं. शेवटच्या प्रश्नाला त्या हसल्या. मधमाशीच्या विषात हायलुरॉनिडेज असतं, म्हणून विचारते.

संमतीपत्र मराठीत आहे आणि मी ते स्वतः वाचून दाखवते. सूज, निळसरपणा, गाठ, जंतुसंसर्ग, रक्तवाहिनीत जेल जाऊन त्वचा मरणं, आणि फार क्वचित दृष्टी जाणं. नाकाशेजारून वर जाणाऱ्या रोहिण्या डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. जेल उलट्या दिशेनं ढकललं गेलं तर तिथवर पोहोचू शकतं. या ओळीला बाईंनी पेन खाली ठेवलं, पाणी मागितलं, दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली.

दोन्ही गालांच्या हाडावर, खोलवर, एकेक मिली. सूज उतरून दोन आठवड्यांनी पाहिलं तेव्हा उजवी घडी २, डावी ३ च्याही आत. उभ्या माणसाचा गाल जागेवर आला होता. फोटो त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून, न हसता काढले. छतावरच्या ट्यूबलाइटखाली कुणाचीही घडी दुप्पट दिसते, आणि वर्गात बाई दिवसभर तशाच ट्यूबलाइटखाली उभ्या असत.

इथं थांबता आलं असतं. बाई म्हणाल्या, "आता एवढं केलंय तर थोडं राहिलंय तेही करू." मलाही पटलं. हा निर्णय दोघींचा होता, पण सुई माझ्या हातात होती.

तुळशीच्या लग्नानंतरच्या शनिवारी तिसरी सिरिंज उघडली. उजव्या घडीच्या वरच्या टोकाला ०.३ मिली दिलं, काही त्रास नाही. मग डावीकडे नाकपुडीच्या बुडाशी, हाडापर्यंत, २७ नंबरची सुई. दट्ट्या मागे ओढून काही सेकंद पाहिलं, रक्त आलं नाही. ०.१ मिली सावकाश दिलं.

नाकपुडीची कड पांढरी पडली. मग वरच्या ओठाचा डावा भाग. शर्टावर पाणी सांडल्यावर कड पुढं सरकत जाते तसा तो पांढरेपणा सरकला आणि त्याच्या काठाला जाळीसारखी निळसर नक्षी आली. ११ वाजून ४० मिनिटं झाली होती.

"दुखतंय का बाई?"

"नाही ओ, काहीच नाही."

त्या 'नाही'वर विसंबता येत नाही. जेलमध्येच भूल मिसळलेली असते. मी सुई काढली, बोटानं उजवी नाकपुडी दाबून सोडली, दोन सेकंदांत गुलाबी झाली. डावी दाबून सोडली आणि मोजत राहिले. सहा. भूल देताना मी ॲड्रेनॅलिन नसलेलं औषध वापरते, कारण ॲड्रेनॅलिननंही त्वचा पांढरी पडते आणि अशा क्षणी मन त्याच खुलाशाला धरून बसतं. इथं दुसरा खुलासा नव्हता. रोहिणी अडली होती.

आधी डोळे. एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावली, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावली. दोन्ही डोळे ठीक होते. तरी सिस्टरनी नेत्रतज्ज्ञांना फोन लावून ठेवला. हायलुरॉनिडेजच्या १,५०० युनिटच्या कुप्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात कायम असतात, तारीख दर महिन्याला तपासतो. कॅनडातले क्लॉडिओ डेलोरेन्झी यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे, नाकाची कड आणि ओठ असे दोन भाग धरून १,००० युनिट दिली, सगळ्या पांढऱ्या भागात पसरून. चोळलं. कोमट पाण्याचा शेक. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली. तासाभरानं नाकपुडी गुलाबी झाली होती, ओठ अजून नाही. पुन्हा १,०००. सव्वा वाजता ओठ दाबून सोडला आणि दोन सेकंदांत रंग परतला.

दट्ट्या ओढून रक्त आलं नाही म्हणजे सुई रोहिणीत नाही, असा अर्थ होत नाही. सुईच्या पोकळीत आधीच दाट जेल भरलेली असते, रक्त त्यातून मागे यायला वेळ लागतो, कधी येतच नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी ती काही सेकंदं पाहून निर्धास्त झाले होते. इथं सुईऐवजी कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, घेतली असती तर हे टळलं असतं का, यावर मी खूप विचार केला. हाडावर नेमकी जागा गाठायला सुई बरी म्हणून मी ती घेत आले. त्या शनिवारनंतर नाकपुडीच्या बुडाशी मी हात फार कमी वेळा घातला आहे, आणि घातला तेव्हा आधी सोनोग्राफीनं रोहिणी कुठून जाते ते पाहून.

संध्याकाळी पाचपर्यंत बाईंना क्लिनिकमध्येच ठेवलं. काय झालं, का झालं, काय दिलं, सगळं त्यांना आणि धावत आलेल्या मुलीला कागदावर चित्र काढून सांगितलं. मुलगी खूप चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. बाई मात्र म्हणाल्या, "वर्गात पोर पडलं की आम्ही आधी बाकीच्या पोरांना गप्प करतो. तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत ना, तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय."

गावाला न पाठवता त्यांना कोल्हापुरातच बहिणीकडे राहायला सांगितलं. रात्री अकरापर्यंत दर दोन तासांनी फोटो, मग पहाटे पाचला एक. सकाळी ओठावर फिकट जाळी होती, पुळ्या नव्हत्या. चौथ्या दिवशी काहीही उरलं नव्हतं. त्या सत्राचे पैसे घेतले नाहीत.

हायलुरॉनिडेजनं डावीकडचं ते ०.१ मिली विरघळलं. म्हणजे जी घडी जास्त खोल होती, जिच्यासाठी बाई मुळात आल्या होत्या, तिच्यात आता काहीच नव्हतं. लग्नाला महिना उरला होता. पुन्हा प्रयत्न करायचा का? मी नको म्हटलं. बाईंनी आरसा मागितला, खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ पाहून म्हणाल्या, "मलाही नको. आहे ते बरं आहे."

लग्नाचे फोटो त्यांनी जानेवारीत आणून दाखवले. मुहूर्तानंतर अक्षता झटकतानाचा एक होता. बाई कुणाकडे तरी बघून दात दाखवून हसताहेत, डाव्या हातात अक्षतांची वाटी आहे आणि ती वाटी छातीपाशी आहे. नऊ वर्षं तो हात तोंडाशी जात होता. दोन्ही घड्या त्या फोटोत स्पष्ट दिसतात, हसणाऱ्या माणसाच्या दिसाव्यात तशा.

पोरांना बाई चिडल्यासारख्या वाटायच्या त्यात घडीचा वाटा किती आणि मिटलेल्या ओठांचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. पण इतकी वर्षं मी श्रेणी मोजते आहे, आणि दात न दाखवता हसणाऱ्या माणसाला 'असं का हसता' हे मी पहिल्याच भेटीत विचारलंच असेल असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आता माझ्या तपासणीच्या कागदावर फोटोच्या रकान्याआधी एक ओळ आहे: तोंड उघडून पाहिलं का. ट्रॉलीत कापसाच्या रोलची बरणी आहे.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात बाई आल्या. उजवी २, डावी ३. गालातली जेल अजून आहे, वर्ष-सव्वा वर्षानं पाहू असं ठरलं. साखरेची सरासरी ६.७, वजन ५९. तक्रार एकच होती, कवळी सैल झाली आहे. हिरडीचा आकार बदलत राहतो, आतून नवा थर देऊन ती घट्ट करता येते. मी दंतवैद्यांना चिठ्ठी लिहिली आणि कडेची उंची तेवढीच ठेवा असं खाली अधोरेखित केलं. बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये टाकली, स्कार्फ बांधला आणि सनस्क्रीन संपत आलंय, तेही लिहून द्या म्हणाल्या.